वेळ गेला कुठे? सर्व्हरच्या नाडीपरीक्षेची गोष्ट

परीक्षेचा निकाल महाजालावर जाहीर होण्याचा दिवस आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ठरलेली वेळ होते, हजारो घरांतून एकाच क्षणी एकच पान उघडण्याचा प्रयत्न सुरू होतो, आणि पडद्यावर काहीच येत नाही. विद्यार्थी पुन्हा कळ दाबतात, पालक दुसऱ्या फोनवरून प्रयत्न करतात. अर्ध्या तासाने कोणीतरी म्हणते, ‘सर्व्हर बसला.’

हा शब्द थोडा फसवा आहे. बसलेला सर्व्हर बहुधा बसलेला नसतो. उलट तो पूर्ण वेगाने धावत असतो, त्याच्या प्रक्रियकाला क्षणाचीही उसंत नसते. तरीही बाहेर काही पोचत नाही. मग या सगळ्या श्रमाचे होते काय? वेळ जातो कुठे?

हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर मोजून काढण्याची एक रीत आहे. तिला प्रोफाइलिंग म्हणतात. तिचा इतिहास संगणकापेक्षाही जुना आहे आणि तो अंदाज आणि मोजमाप यांच्यातील झगड्याचा इतिहास आहे. म्हणूनच तो शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो.

गिरणीतील फेरी

सुरुवात कापडगिरणीपासून करू या. मँचेस्टर येथील शर्ली इन्स्टिट्यूट या सुती कापड संशोधन संस्थेत लिओनार्ड टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते. यादृच्छिक अंकांचे पहिले छापील कोष्टक त्यांचेच. 1927 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तिकेत 41,600 अंक होते. त्यांच्यापुढचा व्यवहारी प्रश्न असा होता : शेकडो मागांपैकी प्रत्येक माग दिवसातील किती वेळ चालतो आणि किती वेळ बंद असतो?

प्रत्येक मागापाशी घड्याळ घेऊन माणूस उभा करणे हा एक मार्ग झाला. तो महागडा आहे. शिवाय कोणी घड्याळ घेऊन शेजारी उभे राहिले की कामगाराचे वागणे बदलते. टिपेट यांनी 1930 च्या दशकात दुसरी रीत मांडली. विभागातून अधूनमधून फेरी मारायची आणि नजर पडेल त्या क्षणी माग चालू आहे की बंद, एवढीच नोंद करायची. अशा हजार नोंदींपैकी दोनशे नोंदींत माग बंद आढळला, तर माग सुमारे 20 टक्के वेळ बंद असतो असे म्हणता येते.

यात चूक किती होईल, तेही काढता येते. हिस्सा p आणि नोंदी n असतील, तर प्रमाणित त्रुटी p(1−p)/n या संख्येच्या वर्गमुळाइतकी येते. हिस्सा 20 टक्के आणि नोंदी 100 असतील, तर त्रुटी 4 टक्के-बिंदू. नोंदी 2,500 केल्या, तर ती 0.8 वर येते. नोंदी पंचवीसपट केल्या की त्रुटी पाचपट कमी होते. बारावीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज समजते.

संगणकातील प्रोफाइलिंगची मुख्य रीत हीच आहे. फरक इतकाच की येथे फेरी माणूस मारीत नाही. घड्याळाचा संकेत दर सेकंदाला शेकडो वेळा प्रक्रियकाला थांबवतो आणि त्या क्षणी तो प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीवर होता, ते वहीत टिपून ठेवतो.

दोन पुस्तकी शब्द

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांचा उलगडा करून घेऊ. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या घेऊन त्यांना उत्तरे देणारा संगणक. कर्नल म्हणजे कार्यकारी प्रणालीचा गाभा. सर्व्हरवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला डिस्कवरून फाइल वाचायची असो की जाळ्यावर माहिती पाठवायची असो, तो स्वतः यंत्राला हात लावू शकत नाही. त्याला कर्नलकडे अर्ज करावा लागतो. शाळेत वर्गशिक्षकाला दाखला हवा असेल, तर तो कार्यालयातून मिळतो. शिक्का कार्यालयाच्या कपाटात असतो. कर्नल हे असे कार्यालय आहे.

जाळ्यावरच्या सर्व्हरचा बराचसा वेळ या कार्यालयातच जातो. म्हणून केवळ वरचा प्रोग्रॅम तपासून भागत नाही. कार्यालयाच्या आत डोकावावे लागते.

टोपलीतले प्रोग्रॅम

1971 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नुथ यांनी एक साधा प्रश्न विचारला : लोक प्रत्यक्षात कसले प्रोग्रॅम लिहितात? ते शोधण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक केंद्रातील रद्दीच्या टोपल्यांतून टाकून दिलेल्या छापील याद्याही गोळा केल्या. फोरट्रान भाषेतील त्या प्रोग्रॅमची कोणती ओळ किती वेळा चालते, हे मोजले. निष्कर्ष डोळ्यांत भरणारा होता. प्रोग्रॅमचा 4 टक्क्यांहूनही कमी भाग सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खात होता.

त्याच अभ्यासात एक गमतीदार प्रसंग घडला. हे मोजमाप करण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यांनी स्वतःवरच चालवून पाहिला. त्याचा निम्म्याहून अधिक वेळ दोन छोट्या आवर्तनांत जात असल्याचे दिसले. तासाभराहूनही कमी वेळात दुरुस्ती झाली आणि त्याचा वेग दुप्पट झाला. मोजमापाचे महत्त्व सांगणाऱ्यांनाही स्वतःच्या प्रोग्रॅममधील वेळखाऊ जागा मोजल्याशिवाय कळली नव्हती, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

कोणी कोणाला बोलावले?

पहिल्या पिढीतील प्रोफाइल साधने फक्त यादी देत : अमुक कार्यात इतके टक्के वेळ गेला. पण एवढे पुरत नाही. कार्यालयातील कारकुनाचा निम्मा वेळ जावक नोंदवहीत जातो असे कळले, तरी ती कामे त्याच्याकडे कोणी धाडली, हे कळल्याशिवाय उपाय सुचत नाही.

1982 साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मक्यूझिक यांनी जीप्रॉफ नावाचे साधन सादर केले. कोणत्या कार्याने कोणाला किती वेळा बोलावले, याचीही नोंद ते ठेवी आणि खर्च झालेला वेळ बोलावणाऱ्याच्या खात्यावर मांडी. हे साधन बर्कली युनिक्सच्या कर्नललाही लावले गेले. 1983 साली बाहेर पडलेल्या त्याच्या 4.2 आवृत्तीत महाजालाचे टीसीपी-आयपी नियम अंतर्भूत होते. त्यामुळे विद्यापीठांतील अनेक यंत्रे याच कर्नलवर जाळ्याला जोडली जात होती. त्याचे दुखणे हे एका यंत्रापुरते दुखणे नव्हते.

तपासणीत एक अनपेक्षित खर्च पुढे आला. फाइलचा लांबलचक पत्ता वाचून मूळ फाइल शोधण्याच्या कामात कर्नलचा मोठा वेळ जात होता. जिल्हा, तालुका, गाव, आळी अशा क्रमाने दर वेळी नव्याने शोध घ्यायचा, आणि तेही क्षणापूर्वीच तो पत्ता सापडलेला असताना. उपाय साधा होता. नुकतीच सापडलेली नावे हाताशी लिहून ठेवायची. 1986 च्या 4.3 आवृत्तीत हा नावांचा तात्पुरता साठा आला. अशा साठ्याची कल्पना आजच्या कर्नलमध्येही आहे.

मात्र जीप्रॉफचीही एक मर्यादा होती. एखादे कार्य प्रत्येक हाकेला सारखाच वेळ घेते असे ते गृहीत धरी. एका शिक्षकाने दहा ओळींच्या दहा चिठ्ठ्या टंकलेखकाकडे पाठवल्या आणि दुसऱ्याने शंभर पानांचा एकच अहवाल पाठवला. जीप्रॉफ टंकलेखकाच्या वेळाचे अकरा सारखे भाग पाडील आणि त्यांतले दहा पहिल्या शिक्षकाच्या माथी मारील. सरासरी काढताना जो प्रश्न आपण वर्गात विचारतो, तोच येथे विचारावा लागतो : ही सरासरी कशाकशाची आहे?

तपासनिसाचे घड्याळ

शाळा तपासणीचा दिवस आधी माहीत असेल तर काय होते, हे आम्ही शिक्षकांना सांगायला नको. भिंती रंगतात, तक्ते टांगले जातात आणि तपासनिसाच्या अहवालात सगळे उत्तम असते.

संगणकात असेच होत होते. कर्नलची बरीच नियमित कामे घड्याळाच्या ठोक्याबरोबर सुरू होतात. प्रोफाइलची नोंदही त्याच घड्याळाच्या ठोक्यावर घेतली, तर नोंद आणि काम यांची लय एक होते. एखादे काम प्रत्येक ठोक्यानंतर लगेच सुरू होऊन पुढच्या ठोक्याआधी संपत असेल, तर ते तपासनिसाच्या नजरेस कधीच पडणार नाही. प्रक्रियकाचा बराच वेळ खाऊनही त्याच्या नावावर शून्य लागेल. नोंदी कितीही वाढवल्या तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती यादृच्छिक चूक नाही, ती एका बाजूला झुकलेली चूक आहे. वर दिलेले वर्गमुळाचे सूत्र येथे लागू पडत नाही.

1993 साली स्टीव्हन मकॅन आणि ख्रिस टॉरेक यांनी यावर उपाय मांडला. नोंद घेण्यासाठी वेगळे घड्याळ ठेवायचे आणि त्याचे ठोके समान अंतराने न देता यादृच्छिक अंतराने द्यायचे. टिपेट यांच्या अंकांच्या कोष्टकातील कल्पना अशा रीतीने कर्नलच्या आत पोचली. न सांगता येणारा तपासनीसच खरे चित्र पाहू शकतो.

राबणूक पूर्ण, काम शून्य

आता सुरुवातीच्या निकालाच्या दिवसाकडे वळू. जाळ्यावरून माहितीचे पॅकेट आले की जाळ्याचे कार्ड प्रक्रियकाला व्यत्ययाचा संकेत देते. म्हणजे जणू दारावर थाप मारते. थाप पडली की हातातले काम टाकून आधी दार उघडायचे, असा कर्नलचा नियम. पॅकेट आत घ्यायचे, रांगेत ठेवायचे आणि मग मूळ कामाकडे परतायचे. थापा कमी असतात तेव्हा हा नियम उत्तम चालतो.

थापा वाढल्या की काय होते, हे जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. त्यांनी डिजिटल कंपनीच्या एका लहानशा अल्फा संगणकाला पॅकेट तपासून पुढे पाठवण्याचे काम दिले. तपासणारा प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेर होता. येणाऱ्या पॅकेटची संख्या वाढवत नेली तसे पुढे जाणाऱ्यांचे प्रमाणही सेकंदाला सुमारे 2,000 पर्यंत वाढले. त्यानंतर ते उतरू लागले. सेकंदाला सुमारे 6,000 पॅकेट येऊ लागली, तेव्हा पुढे जाणाऱ्यांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. त्या काळच्या 10 मेगाबिट इथरनेटवर लहानात लहान पॅकेट सेकंदाला 14,880 येऊ शकत. म्हणजे जाळे निम्मेही भरण्याआधी यंत्राने हात टेकले होते.

कारण असे : दार उघडण्याचे काम सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे, तपासणीचे काम सर्वांत खालच्या. थापा वाढल्यावर सगळा वेळ दार उघडण्यातच जाऊ लागला. आत घेतलेली पॅकेट रांगेत उभी राहिली, रांग भरली आणि मग ती फेकून द्यावी लागली. ज्यांच्यावर आधीच श्रम खर्च झाले होते, तीच फेकली गेली. या अवस्थेला लाइव्हलॉक म्हणतात. कोंडी झालेले यंत्र निपचित असते, येथे यंत्र जिवंत आहे, घाम गाळते आहे आणि काम मात्र होत नाही.

अशा यंत्राचे प्रोफाइल समोर आले, तर ते वाचणार कसे? प्रक्रियक शंभर टक्के व्यग्र दिसेल आणि त्यातील बहुतेक वेळ पॅकेट आत घेण्याच्या कार्यात दिसेल. घाईने वाचणारा म्हणेल, ‘हे कार्य हळू आहे, त्याला वेगवान करा,’ किंवा ‘मोठे यंत्र आणा.’ कार्य वेगवान केले, तर कोसळण्याची सीमा थोडी पुढे सरकेल, पण कोसळणे टळणार नाही. दोष कार्याच्या वेगात नव्हता, अग्रक्रमाच्या नियमात होता.

मोगल आणि रामकृष्णन यांचा उपाय म्हणूनच वेगळा होता. पहिली थाप पडली की पुढच्या थापा बंद करायच्या. मग कर्नलने स्वतःच्या सवडीने दाराशी जाऊन ठरावीक संख्येने पॅकेट आत घ्यायची आणि प्रत्येक पॅकेट शेवटपर्यंत मार्गी लावायचे. रांग भरली असेल तर नवी पॅकेट दाराबाहेरच, कोणताही श्रम खर्च होण्याआधी, सुटू द्यायची. या बदलानंतर भार वाढला तरी पुढे जाणाऱ्या पॅकेटची संख्या टिकून राहिली. पुढे लिनक्सच्या कर्नलमध्ये याच विचाराची रचना आली आणि ती आजही वापरात आहे.

मंद मोडेमचे कोडे

दुसरे उदाहरण आपल्या आठवणींशी जोडलेले आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी महाजालाची सेवा सुरू झाली. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने जोडणी करायची आणि सुरुवातीच्या काळात वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. 30 किलोबाइटचे एक पान म्हणजे 240 किलोबिट. ते उतरायला 25 सेकंद लागत. त्या वेळचा मोडेमचा खरखराट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही प्रतीक्षा आठवत असेल.

ही प्रतीक्षा आपल्या टोकाला होती, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात तिचा भार दुसऱ्या टोकालाही पडत होता. कसा, ते पाहू.

1961 साली जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. व्यवस्थेत सरासरी किती जण एका वेळी असतात, ते काढायचे असेल तर दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाला आत लागणारा सरासरी वेळ यांचा गुणाकार करायचा. समजा, एका सर्व्हरकडे सेकंदाला 40 मागण्या येतात. ग्राहक प्रयोगशाळेतील 10 मेगाबिटच्या तारेवर असतील, तर एक पान 0.024 सेकंदात पोचते. 40 गुणिले 0.024 म्हणजे जवळपास 1. एका वेळी सरासरी एकच जोडणी उघडी. तेच ग्राहक मोडेमवर असतील, तर 40 गुणिले 25 म्हणजे 1,000. मागण्या तेवढ्याच, पाने तीच, पण उघड्या जोडण्या हजारपट.

1990 च्या दशकाच्या मध्यास अनेकांना एक कोडे पडले होते. प्रयोगशाळेत झकास चालणारे सर्व्हर खऱ्या महाजालावर ठेवले की धापा टाकू लागत. गौरव बंगा आणि जेफ्री मोगल यांनी 1998 साली त्याचा उलगडा केला. त्यांच्या हाती एक नवे साधन होते. डिजिटल कंपनीतील संशोधकांनी 1997 साली सादर केलेली ही प्रोफाइलिंग प्रणाली 333 मेगाहर्ट्‌झच्या प्रक्रियकावर सेकंदाला 5,200 हून अधिक नोंदी घेई आणि तरीही यंत्राचा वेग केवळ 1 ते 3 टक्क्यांनी कमी होई. त्यामुळे प्रत्यक्ष कामावर असलेल्या यंत्राची नाडी पाहता येत होती. रोग्याला आजाराच्या क्षणीच तपासता येऊ लागले.

प्रोफाइलमध्ये दोन कार्ये ठळकपणे वर आली. पहिले सिलेक्ट. सर्व्हर कर्नलला विचारतो, ‘माझ्या या सगळ्या जोडण्यांपैकी कोणाकडे काही नवे आले आहे का?’ कर्नल यादीतील प्रत्येक जोडणी तपासून उत्तर देतो. हजार मुलांच्या शाळेत कोणाला शंका आहे का, हे कळण्यासाठी दर मिनिटाला प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन विचारावे आणि हात वर असलेले दोनच निघावेत, तसे हे होते. दुसरे कार्य नव्या जोडणीला क्रमांक देण्याचे. युनिक्सचा नियम असा की रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांकच द्यायचा. तो शोधण्यासाठी कर्नल पहिल्यापासून मोजत जाई. हजार जोडण्या उघड्या असल्या, तर दर नव्या पाहुण्यासाठी तेवढी मोजणी.

दोन्ही कार्यांत चूक अशी काही नव्हती. ती लिहिली गेली तेव्हा एका प्रोग्रॅमकडे वीस-पंचवीस जोडण्या असत आणि तेवढ्यांसाठी ती योग्यच होती. जगाचे प्रमाण बदलले, पद्धत तीच राहिली. बंगा आणि मोगल यांनी दोन्ही कार्यांची पद्धत बदलली. कर्नलने हालचाल झालेल्या जोडण्यांची खूण आधीच करून ठेवायची, म्हणजे सगळी यादी पुन्हा तपासावी लागत नाही. रिकाम्या क्रमांकांची वर्गवारी ठेवायची, म्हणजे पहिल्यापासून मोजावे लागत नाही. पुढे फ्रीबीएसडीमध्ये 2000 साली केक्यू आणि लिनक्समध्ये 2002 साली ईपोल या नावांनी याच दिशेच्या सोयी आल्या. आज एकेक यंत्र हजारो जोडण्या एका वेळी सांभाळते, त्यामागे हा बदल आहे.

येथे प्रोफाइलने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. वेळ सिलेक्टमध्ये जातो, हे त्याने सांगितले. ग्राहक मोडेमवर आहेत, म्हणून जोडण्या उघड्या राहतात, म्हणून यादी लांबते, म्हणून वेळ जातो, ही साखळी मात्र माणसांनी जोडली. मग त्यांनी प्रयोगशाळेत नुसत्या उघड्या, काहीच न मागणाऱ्या जोडण्या वाढवून तेच दुखणे उत्पन्न करून दाखवले. निरीक्षण, तर्क आणि नियंत्रित प्रयोग हे तीन टप्पे आपण विज्ञानाच्या पहिल्या धड्यात शिकवतो, ते हेच.

नको असलेला पुरावा

तिसरा प्रसंग वैज्ञानिक वृत्तीचा आहे. एप्रिल 1999 मध्ये माइंडक्राफ्ट या संस्थेने एक तुलना प्रसिद्ध केली. चार प्रक्रियकांच्या एकाच यंत्रावर मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ही प्रणाली वेब सर्व्हर म्हणून लिनक्सच्या 3.7 पट आणि फाइल सर्व्हर म्हणून 2.5 पट वेगवान ठरली, असे त्यात म्हटले होते. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. साहजिकच लिनक्सच्या चाहत्यांत संतापाची लाट उसळली. चाचणी पक्षपाती असल्याचा आरोप झाला आणि तिच्या मांडणीतील काही आक्षेप रास्तही होते.

पण त्याच वर्षी पुन्हा चाचणी झाली, तेव्हाही एनटीच पुढे राहिली. लिनक्सच्या विकासकांनी मग रागाऐवजी मोजमाप हाती घेतले. त्या वेळच्या कर्नलमध्ये जाळ्याचे बरेचसे काम एका वेळी एकच प्रक्रियक करू शके. बाकीचे कुलूप उघडण्याची वाट पाहत. शाळेत चार कारकून आणि कपाटाची किल्ली एकच, अशी ती अवस्था. शिवाय एक नवी जोडणी आली की तिच्यासाठी वाट पाहणारे सगळेच प्रोग्रॅम जागे होत. काम एकालाच मिळे, बाकीचे पुन्हा झोपी जात आणि तेवढा वेळ वाया जाई. जानेवारी 2001 मध्ये आलेल्या 2.4 आवृत्तीत या दोन्ही गोष्टी सुधारल्या गेल्या. पुरावा कोणी आणला हा एक प्रश्न असतो आणि पुरावा खरा आहे का हा दुसरा. दोहोंची गल्लत न केल्याचा फायदा लिनक्सला झाला.

तक्ता वाचताना

आज साधने फार सुधारली आहेत. 2009 सालापासून लिनक्सच्या कर्नलबरोबरच पर्फ नावाचे साधन येते. 2011 साली ब्रेंडन ग्रेग यांनी ज्वालालेख ही चित्रपद्धत काढली. तिच्यात प्रत्येक कार्य एका पट्टीने दाखवतात आणि पट्टी जितकी रुंद, तितका वेळ अधिक. हजारो ओळींचा तक्ता एका नजरेत येतो. पण वाचणाऱ्याने विचारायचे प्रश्न जुनेच आहेत.

पहिला प्रश्न : प्रक्रियक किती वेळ रिकामा होता? तो 70 टक्के रिकामा असूनही उत्तरे उशिरा जात असतील, तर प्रक्रियकाचे प्रोफाइल पाहून उपयोग नाही. यंत्र डिस्कची, कुलपाची किंवा दुसऱ्या यंत्राची वाट पाहत असणार. झोपलेल्या प्रोग्रॅमची नोंद फेरीत होत नाही.

दुसरा प्रश्न : भार दुप्पट केल्यावर कोणत्या कार्याचा हिस्सा वाढतो? सगळ्यांचे हिस्से तेवढेच राहिले, तर काम सम प्रमाणात वाढते आहे. एकाचाच हिस्सा फुगू लागला, तर तेथे सिलेक्टसारखे काहीतरी दडले आहे. एका वेळचे प्रोफाइल हे छायाचित्र असते. दुखणे दोन छायाचित्रांच्या तुलनेतून कळते.

तिसरा प्रश्न : एका कार्याला पूर्ण नाहीसे केले, तर किती लाभ होईल? एखाद्या कार्याचा हिस्सा 5 टक्के असेल, तर ते शून्यावर आणूनही वेळ फक्त 5 टक्क्यांनी वाचेल. मेहनत कोठे घालू नये, हेही तक्ता सांगतो.

आणि चौथा : गेलेल्या वेळाच्या बदल्यात उपयोगी काम किती झाले? लाइव्हलॉकचा धडा हाच होता. व्यग्रता म्हणजे काम नव्हे.

वर्गात करून पाहता येईल

यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. शाळेतील पाण्याचा नळ, ग्रंथालयाची खिडकी किंवा कार्यालयातील दाखल्यांची रांग घ्यावी. आधी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगावा : खिडकीवरच्या व्यक्तीचा किती वेळ पुस्तक शोधण्यात जातो, किती नोंद करण्यात, किती निव्वळ वाट पाहण्यात? कागद घडी घालून ठेवून द्यावे. मग चिठ्ठ्या टाकून यादृच्छिक वेळा काढाव्यात आणि त्या क्षणी काय चालले आहे, एवढेच टिपावे. ही पाहणी व्यक्तीची नाही, कामाच्या रचनेची आहे, हे संबंधितांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. शंभर नोंदी झाल्या की कागद उघडावेत.

अंदाज आणि नोंद यांत तफावत आढळली, तर दोष कोणाचा हे शोधण्याची घाई करू नये. ‘ते काम हळू करतात’ हे पहिले उत्तर असेल. ‘प्रत्येक पुस्तकासाठी पहिल्या कपाटापासून शोधावे लागते’ हे दुसरे. पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंत विद्यार्थी स्वतः पोचले, तर त्यांनी 1998 सालच्या त्या संशोधनाचा गाभा हाताळला, असे आम्ही समजू.

निकालाच्या दिवशी पान उघडत नाही, तेव्हा मग एवढे तरी करता येईल. आपण पुन्हा पुन्हा दाबलेली कळ त्या दारावरची आणखी एक थाप असते, हे विद्यार्थ्यांना सांगता येईल.